भोपळ्याच्या डोक्यातली भाकरी

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत भिंतीवर दोन घड्याळं होती आणि दोन्ही चुकीची. एक पुढं, एक मागं. कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी स्टुलावर चढून दोन्ही नीट लावायला गेले, तर सर दारातनंच म्हणाले, "हात लावू नको. लई महिन्यांनी जुळलेत ते."

मी म्हटलं, सर, दोन्ही वेगळी वेळ दाखवतायत.

"दाखवू दे की. त्यांच्यातलं अंतर बदलतंय का? न्हाई. मग जुळलेत. बरोबर वेळ तुझ्या मोबाईलवर हाय."

आता मला सांगा, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी असं ऐकल्यावर माणूस काय करेल. मी स्टुलावरनं उतरले, बाहेर व्हरांड्यात गेले आणि मुरुमला आईला फोन लावून सांगितलं की सर चांगले आहेत पण जरा तसे आहेत.

सर म्हणजे धाराशिवच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मूळचे बेंबळीचे, घरी शेती, डोक्याला पूर्ण टक्कल आणि मिशी एका बाजूनं जरा जास्तच कातरलेली. वर्गात बेडूक आणि गांडूळ शिकवायचे, पण जीव सगळा माणसाच्या डोक्यात अडकलेला. विद्यापीठानं एका प्रकल्पासाठी त्यांना ईईजीचं जुनं मशीन दिलं होतं आणि मशीनबरोबर मदतनीस म्हणून मी. माझं काम सोपं. माणसाच्या डोक्यावर बारक्या वाट्यांसारखी इलेक्ट्रोडं पेस्टनं चिकटवायची. आत मेंदूत जी हलकीशी वीज खेळत असते तिच्या लाटा मशीन पकडतं आणि स्क्रीनवर डोक्यावरच्या प्रत्येक जागेची एकेक रेघ पळायला लागते. बाकीचे लोक एकेक रेघ वाचतात. सर दोन रेघा एकदम बघायचे. मेंदूचा हा भाग आणि तो भाग एकमेकांच्या तालावर चालतात का, किती वेळ चालतात, कोण आधी, कोण मागून. याला ते 'मेळ' म्हणायचे. पुस्तकात त्याला लांबलचक शब्द आहे, पण तो बोलून होईपर्यंत समोरचा उठून जातो असं सरांचं मत होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या उन्हाळ्याच्या शेवटी विद्यापीठाची समिती येणार होती. सरांनी काही ठोस निकाल दाखवला तर मशीन आमच्याकडं राहणार होतं. नाही दाखवला तर ते दुसऱ्या, मोठ्या कॉलेजात जाणार होतं. आणि सरांचा त्या मशीनवर इतका जीव होता की रोज संध्याकाळी त्याच्यावर घरची भरतकाम केलेली चादर घालून मगच घरी जायचे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, आणि हाराचं पाणी वायरीवर पडू नये म्हणून फुलं आदल्या दिवशीच वाळवून ठेवलेली.

बरं, मेळ म्हणजे काय हे सरांनी मला फळ्यावर नाही शिकवलं, भाजी बाजारात शिकवलं. आम्ही कॉलेजातनं चालत निघालो होतो आणि सर मधेच एका जोडप्याच्या मागं लागले. अक्षरशः मागं. पुढं नवरा हात हलवत, मागं बायको पिशवी घेऊन. नवरा टोमॅटोपाशी थांबला की जराशानं ती थांबायची. तो निघाला की जराशानं ती निघायची.

"बघ," सर माझ्या कानात, "दोघांचं पाऊल एकदम पडतंय का? न्हाई. पण तो हलला की ठरलेल्या वेळानं ती हलायली. हा मेळ."

मग त्यांनी नव्यानं लग्न झालेलं एक जोडपं दाखवलं, हातात हात घालून गर्दीत चाललेलं. "हे जुळलेले दिसतेत. पण नीट बघ, एकमेकाला ओढायलेत नुसते." एवढ्यात तो नवरा वळला आणि म्हणाला, काय ओ काका, काय पाहिजे. सर शांतपणे म्हणाले, "काही न्हाई, तुम्ही चाला." मला तर कांद्याच्या ढिगात शिरावंसं वाटलं.

पण मी गप्प बसणारी नाही ना. मी म्हटलं सर, ती पहिली बाई मागं राहिली कारण पिशवीत पाच किलो बटाटे आहेत, त्याला तुम्ही मेळ कसं म्हणता. सर चालायचे थांबले. रस्त्याच्या मधोमध. मागनं रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. बराच वेळ विचार करून म्हणाले, "ते येगळं मोजावं लागंल." आणि पुढं कितीतरी दिवस त्यांना तो प्रश्न सतावत होता हे मला माहीत आहे, कारण मला डबा उघडतानासुद्धा विचारायचे, ओझं आणि मेळ वेगळे कसे काढायचे गं.

हे बराच वेळ विचार करणं म्हणजे सरांची आदतच. काहीही विचारलं की उत्तर लगेच यायचं नाही. चहा घेणार का, यालासुद्धा मधे एक शांतता. फोनवर तर लोकांना वाटायचं रेंज गेली. हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचे, आणि मग सर रिकाम्या फोनवर उत्तर द्यायचे. काकूंचं, म्हणजे सरांच्या मिसेसचं, बरोबर उलटं. काकूंचं उत्तर प्रश्नाच्या आधी यायचं. सर तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणायच्या, "फ्रिजवर हाय." आणि चष्मा खरंच फ्रिजवर असायचा. सर मला म्हणाले होते, "हिला मोजायचं यंत्र अजून निघालेलं न्हाई."

आणि जो लगेच 'हो' म्हणेल त्याच्यावर त्यांचा अजिबात भरवसा नव्हता. एकदा स्टाफ मीटिंगला प्राचार्यांनी विचारलं, यंदा स्नेहसंमेलन एकाच दिवसात उरकायचं का, तर सगळ्यांचे हात एकदम वर. सर उभे राहिले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमाला आधी कुणी सांगितलं?" त्यांचं म्हणणं असं की खरं पटायला वेळ लागतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. सगळे एकाच क्षणाला हलले म्हणजे एकमेकांचं ऐकून नाही हलले, तिसऱ्याच कुणाचं तरी ऐकून हलले. प्राचार्य त्यानंतर सरांशी महिनाभर कामापुरतंच बोलले. सरांना ते फार सोयीचं पडलं.

कँटीनवाल्या मामांशीही त्यांचं वाकडंच. मेंदूतली वीज इतकी बारीक असते की आजूबाजूला पंखा, ट्यूब, मोटर काही चाललं की त्याची गुणगुण रेघेत मिसळते. त्यामुळं रेकॉर्डिंग चालू असताना आमच्याकडं पंखा बंद, ट्यूब बंद, आणि मे महिन्यातलं धाराशिव. मला वाटायचं डोक्यावरची पेस्ट माझ्याच अंगावर वितळतीय. पण एवढ्यानं भागायचं नाही, कारण भिंतीपलीकडं कँटीन. मामांनी चटणीला मिक्सर लावला की सर जिना उतरून खाली. "मामा, मिक्सर बंद करा. आमच्या बाईच्या डोक्यात यायलाय." मामा विचारायचे, मग चटणी काय पाट्यावर वाटू का. सर त्यावर थोडा वेळ घ्यायचे आणि म्हणायचे, "चव बी चांगली लागंल."

तर ही बाई कोण, ते सांगते.

सरांच्या प्रयोगात माणसानं डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, जरासुद्धा न हलता एखाद्या कामाची मनात कल्पना करायची असते. नुसत्या कल्पनेनंही मेंदूतला हाताचा भाग जागा होतो, आणि त्याच्या जरा मागं, शेजारीच, जागेचा नि आकाराचा अंदाज घेणारा भाग असतो तोही. त्या दोघांचा मेळ सरांना मोजायचा होता. बाकीच्या ठिकाणी लोकांना बोटं हलवायची कल्पना करायला सांगतात. सर म्हणाले, बोट हलवण्यात कुणाचं मन रमतंय. जन्मभर हात ज्यात तयार झालाय ते काम पाहिजे. आणि म्हणून सास्तूरच्या एका महिला बचत गटाच्या बायका दर शनिवारी आमच्याकडं यायच्या आणि खुर्चीत बसून मनातल्या मनात ज्वारीची भाकरी थापायच्या. त्यांच्याशी तुलना करायला कॉलेजातली पोरं आणि क्लार्क, ज्यांनी जन्मात भाकरी थापलेली नाही.

गटाच्या म्होरक्या होत्या त्यांना सगळ्या आक्का म्हणायच्या, म्हणून आम्हीपण आक्का. पहिल्या दिवशी आक्कांना वायरी लावल्या, भाकरी करा म्हटलं, तर दोन मिनिटात डोळे उघडून बसल्या.

"झाली सर."

"एवढ्यात?"

"एकच थापली. किती माणसांच्या करायच्या त्ये तुमी सांगितलंच न्हाय."

दुसऱ्या एक मावशी मधेच थांबल्या. म्हणाल्या, पीठ विरी गेलंय, भाकरी तुटायलीय. म्हणजे पीठ जुनं होऊन त्याचा चिकटपणा गेलाय. सरांनी विचारलं, मनातलं पीठ बी? तर त्या म्हणाल्या, "मागल्या महिन्यात दळलेलं हाय ते. दुसरं कुठनं आणू?" सरांनी ते इतक्या मन लावून ऐकलं की पुढच्या सगळ्या बायकांना ते सुरुवातीलाच सांगायला लागले, पीठ ताजं हाय असं धरून चाला.

सरांनी स्वतःवरही प्रयोग करायला लावला होता. टकलावर इलेक्ट्रोडं काय सुंदर बसतात. सर म्हणायचे मी याच कामासाठी घडलोय. पण भाकरी काही मनात येईना. काकू डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अवो, मनात बी गोल व्हईना का तुमची?" झालं, सर इरेला पेटले. आठवडाभर रोज सकाळी घरी भाकरी थापायला शिकत होते. काकूंनी सांगितलं की परातीपेक्षा भिंतीवर पीठ जास्त आणि तव्यावर महाराष्ट्राचा नकाशा, तोही कोकण तुटलेला. तो आठवडाभर सरांच्या डब्यात चपाती आणि माझ्या डब्यात सरांची भाकरी असायची.

असं सगळं चाललेलं आणि निकाल आला तो काय विचारता. बायकांचा मेळ असला भारी, की पोरांचा आणि क्लार्कांचा त्याच्या पासंगालाही पुरेना. मी तर खुर्चीवरनं उडालेच. सरांनी तुळजापूरहून पेढे आणले. मामांना दिले, प्राचार्यांना दिले. मशीन राहणार हे मी आईला सांगून टाकलं, आईनं शेजारी सांगितलं.

पण आमचं जुनं सॉफ्टवेअर फक्त दोन रेघा किती जुळल्या एवढंच सांगायचं. कोण आधी नि कोण मागून हे सांगायचं नाही. आणि सरांना अंतर पाहिजे होतं. मग मी लॅपटॉपवर स्वतः शिकून, रडत-पडत ते काढलं. आलं शून्य. आक्कांचं शून्य. विरी गेलेल्या पिठाच्या मावशींचं शून्य. सगळ्या बायकांच्या दोन्ही रेघा एकाच क्षणाला वर, एकाच क्षणाला खाली. मला वाटलं सर खूश होतील, इतका चोख मेळ.

सरांनी एक रेघ ओढून दुसरीवर ठेवायला सांगितली. ठेवली. एकच रेघ दिसायला लागली.

"सख्ख्या बहिणी बी इतक्या सारख्या नसतेत," सर म्हणाले. मग स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही दोन माणसं न्हाईत. एकच माणूस दोन खिडक्यांतनं बघायलाय."

त्यांना ज्याच्यात काहीही चाललेलं नाही असं डोकं पाहिजे होतं. माझ्या डोळ्यापुढं कॉलेजातली दोन-तीन नावं आली, पण सर मंडईत गेले आणि लाल भोपळा घेऊन आले. चांगला माणसाच्या डोक्याएवढा. मग घरी जाऊन काकूंकडं त्यांचं गंगावन मागितलं, ते वेणीत घालायचे खोटे केस. काकू म्हणाल्या, नवं आणा म्हणून मी किती वर्षं सांगायलेय तवा आठवलं न्हाई, आता भोपळ्यासाठी आठवलं का. पण दिलं. वर भोपळ्याचा भांगही पाडून दिला, कारण सरांनी मधोमध भांग पाडला होता आणि तो काकूंना बघवेना.

कोरड्या केसांत इलेक्ट्रोडं लावली तेव्हा भोपळ्याच्या दोन्ही रेघा आपापल्या नादात वेड्यावाकड्या चाललेल्या. मग सर म्हणाले, आता तेल लाव. आणि बायकांना लावतीस अगदी तसंच सगळं कर. मी केसांना खोबरेल तेल चोपडलं. तेलामुळं इलेक्ट्रोड धरेना, म्हणून बायकांना करते तसं घासलं, वर चमचाभर जास्त पेस्ट दाबली. पंखा बंद करून बसलो. ती पेस्ट गरमीनं पातळ होऊन तेलकट केसांच्या खालनं हळूहळू सरकली आणि एका वाटीपासनं शेजारच्या वाटीपर्यंत पोचली. दोन्ही वाट्या आतनं जोडल्या गेल्या. स्क्रीनवर दोन रेघांची एक रेघ झाली. मेळ चोख. अंतर शून्य. आक्कांपेक्षाही भारी.

सर खुर्चीत मागं रेलले आणि डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसले. "बघ, बघ. कसा भाकरी करायलाय."

म्हणजे आमचा सगळा निकाल तेलाचा आणि पेस्टचा होता. मला रडू यायला लागलं होतं आणि हा माणूस हसतोय. मी म्हटलं सर, समिती तोंडावर आलीय, आकडे तर खोटे लिहिलेले नाहीत, मशीननं दिलेत तेच आहेत, समितीला काय माहिती पडणार.

सरांनी त्यांचा वेळ घेतला. मग टेबलाकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याला माहिती हाय."

भोपळा आमच्याकडं बघत होता. भांग अगदी सरळ.

मी आक्कांना फोन लावला. जरा रागातच होते. म्हटलं आक्का, मी डोकं धुवून या म्हणून सांगितलं होतं ना. आक्का म्हणाल्या, धुतलंच की, म्हणून तर तेल लावलं. मी म्हटलं तेल लावायचं नाही, कोरड्या डोक्यानं यायचं. मग आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "कोरडं डोकं घिऊन परगावी यायचं? यष्टीत बाया इचारतील, कोण गेलं म्हणून." त्यांचंही खरं होतं. आमच्याकडं सुतक असल्याशिवाय कुठली बाई भुरभुरते केस घेऊन गावाबाहेर पडती. मी मुरुमची असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला तर कोरड्या केसांनी कॉलेजात जायची सवय झालेली.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, बरोबर हाय त्यांचं. मग उठले, घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवर तांब्याचा बंब बांधून घेऊन आले.

प्रयोगशाळेच्या मागं वनस्पतिशास्त्रवाल्यांची बाग आहे. तिथं सरांनी न्हाणी उभी केली. दोन बाजूंनी काकूंच्या जुन्या साड्या बांधल्या, पाट मांडला, बंब पेटवला. नळाला पाणी आठवड्यातनं एकदा, म्हणून घरच्या बोअरचं पाणी कॅनमधनं स्कूटरवर आणलं, फेऱ्यावर फेऱ्या. काकू पदर खोचून तयार. शिकेकाई त्यांनी घरी शिजवून आणलेली. ठरलं असं की बायकांनी तेल लावून, वेणी घालून, जशा येतात तशाच यायचं. इथं काकू डोकं धुणार, गच्चीवर केस वाळवायचे, आणि आमचं ऊन म्हणजे काय, पाच मिनिटात खडखडीत. मग रेकॉर्डिंग. मग परत तेल, वेणी, आणि एसटी. वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी तक्रार केली की शिकेकाईच्या पाण्यानं गुलाब जळतील. गुलाब त्या वर्षी जे काय आले. असो.

पहिल्यांदा आक्का बसल्या पाटावर. मी साडीच्या आत तांब्या धरून उभी. काकूंनी कोमट पाणी ओतलं आणि बोटांनी डोकं चोळायला लागल्या, कानामागं, मानेपर्यंत, आपल्या आया चोळतात तसं. आक्का, ज्या मनातल्या भाकरीचासुद्धा हिशोब मागायच्या, त्या एकदम गप्प झाल्या. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "लगीन झाल्यापसनं माझं डोकं कुणी धुतलं न्हवतं, वयनी. बाळतपणात कुणी धुतलं असंल तेवढंच."

काकूंनी ह्यावेळी मात्र लगेच उत्तर दिलं नाही. अजून एक तांब्या ओतला.

आणि रेकॉर्डिंग काय सुंदर यायला लागलं. कोरडे स्वच्छ केस, थेंबभर पेस्ट, वाट्या आपापल्या जागी. दोन रेघा खरंच दोन. आक्कांनी मनात पीठ मळायला घेतलं, हाताचा भाग जागा झाला, आणि जराशानं, अगदी जराशानं मागचा भाग त्याच्या तालाला लागला. तेलाच्या मेळाएवढा भारी नाही, बारीकसा. पण अंतर होतं, आणि ते बदलत नव्हतं. सर खुर्चीच्या टोकावर आले होते. मी लॅपटॉपकडं बघत देवाला म्हणत होते, असंच चालू दे.

पाच-सात मिनिटं चाललं. मग रेघा संथ झाल्या. मोठ्या मोठ्या लाटा यायला लागल्या, तळ्यातल्यासारख्या. आक्का झोपल्या होत्या. खुर्चीत मान कलती करून, तोंड थोडं उघडं.

मी उठवायला निघाले तर सरांनी हात आडवा केला.

मी कुजबुजत म्हटलं सर, समिती पुढच्या आठवड्यात आहे. अजून निम्मं रेकॉर्डिंग व्हायचंय.

"माहिती हाय."

"आत्ता नाही उठवलं तर आजचं सगळं वाया जाईल. मशीन जाईल सर."

सर आक्कांकडं बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता उत्तर येतच नाही. मग म्हणाले, "ह्या अंधारात उठतेत गं. भाकरी करायला. त्यांना इथं आणलं आन् परत भाकरीलाच लावलं आपण."

आणि मग त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. उठले, भिंतीपाशी गेले आणि पंखा लावला. स्क्रीनवरच्या सगळ्या रेघा पंख्याच्या गुणगुणीत बुडाल्या. आक्कांचे वाळलेले केस वाऱ्यानं हलत होते.

एकट्या आक्काच झोपल्या असत्या तर चाललं असतं. त्या शनिवारी आणि समितीच्या आधी काकूंनी मुद्दाम बोलावलेल्या बुधवारी, आलेल्या निम्म्याहून जास्त बायका झोपल्या. डोकं धुतल्यावर, उन्हात केस वाळवल्यावर, डोळे मिटून शांत बसा म्हटल्यावर कोण जागं राहील. एक मावशी घोरायला लागल्या तेव्हा सरांनी खाली जाऊन मामांना मिक्सर बंद करायला सांगितलं. मी म्हटलं सर, आता कशाला, रेकॉर्डिंग तर बंद आहे. ते म्हणाले, "झोपमोड व्हईल ना."

समिती आली. एक साहेब, एक मॅडम. सरांनी मी बनवलेल्या सगळ्या स्लाइड सोडून पहिल्यांदा भोपळ्याचा आलेख दाखवला. म्हणाले, आमचा सगळ्यात चांगला मेळ याचा आला, आणि गंगावन, तेल, पेस्ट सगळं सांगितलं. मॅडम खळखळून हसल्या आणि मग एकदम गंभीर होऊन काहीतरी लिहून घ्यायला लागल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी खरे निकाल बघितले. बारीकसे, पण बरोबर आहेत म्हणाले. फक्त इतके थोडे का?

सर म्हणाले, "बाकीच्या झोपल्या."

साहेबांनी चष्मा काढला. "मग उठवायचं ना, सर."

सरांनी वेळ घेतला. साहेबांना वाटलं ऐकू गेलं नाही, ते परत विचारणार तेवढ्यात सर म्हणाले, "तुमी त्यांना झोपलेलं बघितलं न्हाई."

मशीन गेलं. मोठ्या कॉलेजात, आणि मशीनबरोबर मदतनीसही, म्हणजे मी. आता मी हे जिथनं लिहितेय तिथं एसी आहे, मिक्सर नाही, बायका टॅक्सीनं येतात आणि केस कोरडे असतात. समितीतल्या त्या मॅडम तिथंच आहेत. आमच्याकडनं परत आल्या आल्या त्यांनी तिथलं जुनं सगळं रेकॉर्डिंग पेस्टसाठी परत तपासायला लावलं, आणि काय काय निघालं ते विचारू नका.

मशीनची गाडी शुक्रवारी आली होती. सरांनी चादर काढून घेतली नाही, तशीच जाऊ दे म्हणाले. मला रविवारी निघायचं होतं, म्हणून शनिवारी माझं सामान घ्यायला गेले तर मागच्या बागेतनं धूर येत होता. बंब पेटलेला. काकू पदर खोचून पाटाशी, साड्या बांधलेल्या, सास्तूरच्या बायका रांगेत बसलेल्या. मशीन गेल्याचं सरांनी त्यांना कळवलंच नव्हतं.

आक्का केस वाळवून आत आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवले. मग त्यांना रिकामं टेबल दिसलं.

"सर, मशीन कुठाय?"

"गेलं आक्का. विद्यापीठानं नेलं."

आक्कांना काय करावं कळेना. त्या खुर्चीतनं अर्धवट उठल्या, परत बसल्या. मग भाकरीचं काय, म्हणाल्या.

सर पंख्याच्या बटणापाशी उभे होते.

"आज भाकरी न्हाई," ते म्हणाले, आणि ह्यावेळी एक क्षणही न घेता. "आज नुसतं झोपा."